घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बाहेरचा मेल कसा घ्यायचा

आमच्या लातूरच्या घरी माळ्यावर एक जुना डेस्कटॉप पडून होता, ४ जीबी रॅमचा, मॉनिटर कधीच गेलेला, आणि आई दर दिवाळीला विचारायची की हे भंगारात कधी द्यायचं. आता तो हॉलच्या कोपऱ्यात चोवीस तास चालू असतो आणि माझ्या डोमेनवर आलेला मेल थेट त्याच्या हार्ड डिस्कवर येऊन पडतो. शेजारचा पोरगा कॉम्प्युटर शिकतोय, त्यानं माझं बघून स्वतःच्या घरी करून बघितलं आणि परवा आला, "काका, मी पोस्टफिक्स टाकलो, सगळं चालूय म्हणून दाखवायलंय, पण बाहेरचा एक मेल येईना, कामून?" जाऊन बघितलं तर पोस्टफिक्समध्ये, म्हणजे मेल घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीच चूक नव्हती. मेल त्याच्या दारापर्यंतच पोचत नव्हता.

नवीन माणसाचं नेमकं हेच होतं. आधी सॉफ्टवेअर टाकायचं, मग रात्रभर कॉन्फिग फाइल उकरत बसायचं, आणि भानगड असते राउटरमध्ये नाहीतर इंटरनेटवाल्याकडं. म्हणून इथं उलटं जाऊ, बाहेरून आत येऊ, म्हणजे कुठं अडलं ते त्या त्या जागी कळेल. आणि फक्त मेल घेण्याचं बघू. पाठवणं हे वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल शेवटी दोन शब्द. एक आधीच सांगून ठेवतो, कमांड आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करायची.

मेल येतो कसा, हे आधी डोक्यात बसवा

समजा तुमचं डोमेन एक्झाम्पल डॉट कॉम आहे (हे नाव असल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, विकत मिळत नाही) आणि औसा रोडवरचा तुमचा मित्र जीमेलवरून तुम्हाला मेल टाकतो. मेल त्याच्या फोनवरून सरळ तुमच्या घरी येत नाही. तो गूगलच्या सर्व्हरवर जातो, तो सर्व्हर डीएनएसला (इंटरनेटवरची नाव-पत्त्याची वही) विचारतो की ह्या डोमेनचा मेल कोण घेतं, ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एमएक्स रेकॉर्ड. त्यात एक नाव असतं, समजा मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. मग त्या नावाचा आयपी पत्ता काय हे तो परत विचारतो, तो म्हणजे ए रेकॉर्ड. मग त्या आयपीच्या पोर्ट २५ वर, म्हणजे मेलसाठी ठरलेल्या दारावर, जाऊन कडी वाजवतो.

आतून तुमचा सर्व्हर "२२०" म्हणतो, म्हणजे या बसा. मग तो पाठवणारा सांगतो मी अमुक सर्व्हर, मेल तमुक माणसाकडून, मेल ह्या माणसासाठी, आणि प्रत्येक वाक्यावर तुमचा सर्व्हर "२५०" म्हणत मान डोलावतो. मग मजकूर येतो, शेवटच्या ओळीवर एकटा टिंब येतो, झालं. एवढी साधी बोलाचाली आहे ही, १९८२ साली आरएफसी ८२१ ह्या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात जॉन पोस्टेलनं लिहून ठेवलेली, आणि मधे बरीच भर पडली तरी सांगाडा अजून तोच. उत्तर ४ नं सुरू झालं तर अर्थ "आत्ता नाही, नंतर या", ५ नं सुरू झालं तर "परत येऊच नका". हा ४ आणि ५ चा फरक पाठ करून टाका, पुढं लई कामाला येतो.

ह्यात एक गोष्ट पक्की आहे, पोर्ट २५ बदलता येत नाही. वेबसाइटला कसं ८०८० वर ठेवली तरी चालतं, तसं इथं नाही, कारण एमएक्स रेकॉर्डमध्ये पोर्ट लिहायला जागाच नसते. बाहेरचा सर्व्हर २५ वरच येणार, दार बंद दिसलं की परत जाणार.

पहिली तपासणी: तुमच्या घराला स्वतःचा पत्ता आहे का

हे आधी बघा, डोमेन विकत घ्यायच्याही आधी, नाहीतर पैसे जायचे. राउटरचं पान उघडा (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या बुडाला चिकटवलेलं असतं), त्यात वॅन किंवा इंटरनेट स्टेटस असं काहीतरी असेल, तिथला आयपी लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" असं शोधा आणि तिथं येणारा आकडा बघा. दोन्ही सेम असतील तर चहा घ्या, अर्धं काम झालं.

वेगळे असतील तर राउटरमधला आकडा नीट बघा. १००.६४ ते १००.१२७ ह्यातलं काहीतरी सुरुवातीला असलं तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. आयपीव्ही४ चे पत्ते जगात संपत आले म्हणून कंपन्या एकाच पत्त्यामागं पुष्कळ गिऱ्हाइकं बसवतात, आणि त्यासाठी हा आकड्यांचा पट्टा २०१२ साली वेगळा काढून दिलाय. काही ठिकाणी १० नं सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच.

जुन्या वाड्यात कसं असायचं, दहा बिऱ्हाडं आणि दिंडी दरवाजा एकच. आतला माणूस बाहेर जाऊन भाजी आणू शकतो, येताना दिंडीवरचा गडी त्याला ओळखतो आणि आत सोडतो. पण बाहेरून अनोळखी माणूस नुसतं वाड्याचं नाव घेऊन आला तर त्याला कुणाच्या खोलीत पाठवायचं? आणि त्या दिंडीची किल्ली तुमच्याकडं नाही, कंपनीकडं आहे. म्हणून सीजीनॅटच्या मागं तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, काही उपयोग नाही. त्या पोराचं हेच झालेलं.

मग करायचं काय? पहिला मार्ग म्हणजे फोन करून स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणारा, आयपी मागा. इथं मराठवाड्यात अनुभव असा की कॉल सेंटरवाल्याला प्रश्नच कळत नाही, तो म्हणतो राउटर बंद करून चालू करा. त्यापेक्षा तुमच्या गल्लीत जो केबल ओढायला आलेला पोरगा आहे ना, त्याच्याकडनं लोकल ऑफिसच्या माणसाचा नंबर घ्या, तिथं नेमकं एवढंच म्हणा की "मला पब्लिक स्टॅटिक आयपी पाहिजे आणि आत येणारं पोर्ट २५ उघडं पाहिजे". दोन्ही गोष्टी एकाच वेळी विचारा. मी आधी नुसता आयपी मागितला, वर्षाचे पैसे भरले आणि नंतर कळलं की आत येणारं २५ त्यांनी अडवलंय, परत आठ दिवस फोनाफोनी. घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला परवानगी आहे का हेही त्याच दमात विचारून घ्या, काहींच्या अटीत नसते.

दुसरा मार्ग, आयपी देतच नसतील तर, बाहेर एक छोटा व्हीपीएस, म्हणजे कंपनीच्या जागेतला सर्व्हर, भाड्यानं घ्यायचा. त्याला पब्लिक आयपी असतो. तुमच्या घरचा कॉम्प्युटर वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याच्याशी बोगदा (दोघांतलीच बंद वाट) जोडतो, आणि बोगदा आतून बाहेर जातो म्हणून सीजीनॅटची अडचणच राहत नाही. व्हीपीएसवर एक पोस्टफिक्स बसवायचं, ते फक्त मेल घेऊन बोगद्यातून घरी ढकलतं, त्यासाठी रिले डोमेन्स आणि ट्रान्सपोर्ट मॅप्स ह्या दोन सेटिंग लागतात. बरेच व्हीपीएसवाले बाहेर जाणारं २५ बंद ठेवतात, तर घाबरू नका, बोगद्यातला मेल बाहेरून बघणाऱ्याला नुसती यूडीपीची पाकिटं दिसतात, तो अडत नाही. ह्यात अजून एक फायदा, घरचा आयपी कितीदा बदलला तरी फरक पडत नाही. खर्च दर महिन्याला होतो हा तोटा.

आयपीव्ही६ चं काय, असं कुणीतरी विचारणारच. हो, आजकाल बऱ्याच कनेक्शनवर तो मिळतो, आणि त्यात वाड्याची भानगड नाही, प्रत्येक खोलीला स्वतःचा पत्ता. पण पाठवणारे सगळे सर्व्हर आयपीव्ही६ वरून येत नाहीत, त्यामुळं एकाचा मेल येईल आणि दुसऱ्याचा येणार नाही, आणि अर्धवट चालणारी गोष्ट पूर्ण बंद असण्यापेक्षा जास्त डोकं खाते. एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

डीएनएस: दोन ओळी, आणि त्यातल्या चुका

डोमेन जिथनं घेतलं तिथं डीएनएसचं पान असतं. दोन रेकॉर्ड टाकायचे. एक, मेल ह्या नावाचा ए रेकॉर्ड, त्यात तुमचा पब्लिक आयपी, समजा २०३.०.११३.२५. दुसरा, डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, प्राधान्य १०, किंमत मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. प्राधान्याचा आकडा जितका लहान तितका नंबर आधी, एकच सर्व्हर असला तर १० काय नि २० काय.

लोक चुकतात ते इथं. एमएक्समध्ये आयपी लिहितात, तो चालत नाही, नावच लागतं. ते नाव सीनेम (नुसतं दुसऱ्या नावाकडं बोट दाखवणारं) असलेलं देतात, तेही नियमात बसत नाही, सरळ ए रेकॉर्ड पाहिजे. काही पानांवर नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं, नाही दिलं तर ते पान स्वतःच डोमेन परत जोडतं आणि मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असला आगगाडीसारखा रेकॉर्ड तयार होतो. डोमेनसोबत फुकट मिळालेले जुने एमएक्स रेकॉर्ड असतील तर काढून टाका, नाहीतर अर्धा मेल तिकडं जाईल आणि तुम्ही इकडं वाट बघत बसाल.

टीटीएल, म्हणजे बाकीच्यांनी हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, सुरुवातीला ३०० ठेवा, म्हणजे पाच मिनिटं, चूक दुरुस्त केली की लवकर दिसते. सगळं बसलं की ३६०० करा. मग टर्मिनलमध्ये "डिग एमएक्स एक्झाम्पल डॉट कॉम" मारून बघा, तुम्ही लिहिलंय तेच उत्तर येतंय का.

पब्लिक आयपी आहे पण बदलता आहे, असं असलं तर डायनॅमिक डीएनएसनं काम भागतं, म्हणजे घरचा कॉम्प्युटर दर थोड्या वेळानं आपला आयपी बघून रेकॉर्ड बदलत राहतो. पण तुमचा जुना आयपी दुसऱ्या कुणाला मिळाला आणि त्याच्याकडंही मेल सर्व्हर असला, तर मधल्या काही मिनिटांत तो तुमचा मेल ५ चा आकडा देऊन परत पाठवू शकतो. क्वचित घडतं, पण घडलं तर पाठवणाऱ्याला वाटतं तुमचा पत्ताच चुकीचा.

राउटर

आधी कॉम्प्युटरला घरातला कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन असतं, तिथं त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) टाकून समजा १९२.१६८.१.५० बांधून टाका. हे नाही केलं तर एक दिवस लाइट जाऊन येईल, ५० नंबर टीव्हीला मिळेल आणि मेल टीव्हीचं दार वाजवत बसेल. मग पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये बाहेरचं २५, टीसीपी, आतलं १९२.१६८.१.५० चं २५. बस्स, दुसरं एकही पोर्ट आत्ता उघडू नका.

आपल्याकडं बऱ्याच घरात दोन डबे असतात, एक फायबरवाल्यानं भिंतीला ठोकलेला आणि दुसरा आपण रेंजसाठी आणलेला वायफाय राउटर. दोन्ही राउटिंग करत असतील तर फॉरवर्डिंग दोन्हीत करावं लागतं, पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून कॉम्प्युटरवर. त्यापेक्षा भिंतीवरचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घेतलेला बरा, मग तो राउटिंग सोडून नुसती लाइन पुढं देतो. कॉम्प्युटरवर फायरवॉल असेल तर तिथंही, "सुडो यूएफडब्ल्यू अलाउ २५ स्लॅश टीसीपी".

आता सॉफ्टवेअर

मी डेबियन वापरतो, उबंटू असलं तरी तेच. पोस्टफिक्सच का, तर फुकट आहे, वीत्से व्हेनेमानं आयबीएममध्ये असताना सुरक्षेचा विचार करून लिहिलंय, १९९८ पासून बाहेर आहे, आणि कुठलीही चूक शोधली तर कुणालातरी ती आधी येऊन गेलेली असते. "सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टफिक्स" मारा, निळं पान येईल, त्यात "इंटरनेट साइट" निवडा आणि सिस्टिम मेल नेम विचारलं की नुसतं एक्झाम्पल डॉट कॉम द्या, पुढं मेल लावू नका.

मग ईटीसी स्लॅश पोस्टफिक्स मधली मेन डॉट सीएफ फाइल उघडा. बदलायचं थोडंच आहे. मायहोस्टनेम म्हणजे सर्व्हरचं पूर्ण नाव, मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम, एमएक्समध्ये दिलेलंच. मायडेस्टिनेशन म्हणजे कुठल्या कुठल्या डोमेनचा मेल माझा स्वतःचा आहे, त्यात एक्झाम्पल डॉट कॉम असलंच पाहिजे, ते विसरलात तर सर्व्हर स्वतःचाच मेल ओळखत नाही आणि "रिले ॲक्सेस डिनाइड" म्हणून हाकलून देतो. आयनेट इंटरफेसेस ऑल पाहिजे, तिथं लूपबॅक राहिलं तर सर्व्हर फक्त स्वतःशी बोलतो. होम मेलबॉक्स मध्ये मेलडिर लिहून शेवटी स्लॅश द्या, तो स्लॅश महत्त्वाचा, त्यामुळं प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये पडतो.

मेसेज साइज लिमिट मुद्दाम सांगतो. मुळात ती १,०२,४०,००० बाइट असते, साधारण १० एमबी, आणि फोटो मेलमध्ये जाताना एक तृतीयांशानं फुगतो, म्हणजे खरं तर सात-साडेसात एमबीच्या पुढं काही येणार नाही. लग्नपत्रिकेची पीडीएफ पाठवणारा पाव्हणा मग तुम्हाला फोन करून सांगतो की तुझा मेल चालत नाही. मी ३,६७,००,१६० ठेवलीय.

पत्ते कुठून येतात? लिनक्सवर जो युझर आहे तोच पत्ता. "सुडो ॲडयुझर सुनीता" केलं की सुनीता ॲट एक्झाम्पल डॉट कॉम चालू. ह्याशिवाय पोस्टमास्टर हा पत्ता नियमानं असावाच लागतो, ईटीसी मधल्या अलायसेस फाइलमध्ये पोस्टमास्टर आणि रूट दोन्ही स्वतःच्या नावाकडं वळवा आणि "सुडो न्यूअलायसेस" मारा. मग "सुडो पोस्टफिक्स चेक", काही बोललं नाही तर सगळं ठीक, "सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट पोस्टफिक्स".

मायनेटवर्क्स: इथं मी आपटलो

मायनेटवर्क्स ह्या सेटिंगचा अर्थ, ह्या पत्त्यांवरून आलेल्या माणसाला जगात कुठंही मेल पाठवायची मुभा आहे. मी म्हणलं घरातल्या फोनवरून पण पाठवता यावं, म्हणून १९२.१६८.१.० स्लॅश २४, म्हणजे घरातले सगळे पत्ते, टाकून मोकळा झालो. बरोबरच वाटलं, घरचीच तर माणसं. पण माझ्याकडं तेव्हा जो राउटर होता तो पोर्ट फॉरवर्ड करताना बाहेरच्याचा खरा पत्ता पुसून तिथं स्वतःचा लावायचा. म्हणजे चीनमधून आलेला, ब्राझीलमधून आलेला, सगळे पोस्टफिक्सला १९२.१६८.१.१ दिसायचे. घरचेच! दुसऱ्या दिवशी सकाळी फॅनचा आवाज यायला लागला म्हणून रांगेतले मेल दाखवणारं "मेलक्यू" मारलं तर स्क्रीन थांबेचना, हजारोंनी मेल, कसल्या कसल्या गोळ्यांच्या जाहिराती. माझा सर्व्हर ओपन रिले झालेला, येणारा जाणारा कुणीही त्यातून टपाल टाकत होता. नशीब एवढंच की इंटरनेटवाल्यानं बाहेर जाणारं २५ बंद ठेवलेलं, म्हणून तो कचरा माझ्याच रांगेत तुंबून राहिला. "सुडो पोस्टसुपर मायनस डी ऑल" मारून साफ केला.

तेव्हापासून मायनेटवर्क्समध्ये फक्त १२७.०.०.० स्लॅश ८ आणि आयपीव्ही६ चा लूपबॅक, बाकी कुणाला घर नाही. तुम्हीही तसंच ठेवा. आणि लॉगमध्ये "कनेक्ट फ्रॉम" च्या पुढं कायम तुमच्या राउटरचाच पत्ता दिसत असला तर राउटर पत्ता पुसतोय समजा, त्याच्या सेटिंगमध्ये बघा नाहीतर राउटर बदला, कारण स्पॅम गाळायलाही खरा पत्ताच लागतो.

तपासायचं कसं

घरातल्या वायफायवरून स्वतःच्या पब्लिक आयपीला कडी वाजवून बघू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळं सगळं बरोबर असून बंद दिसतं. मोबाइल डेटावरून टेलनेट (एखाद्या पोर्टशी हातानं बोलायची कमांड) करूनही भरवसा नाही, बाहेर जाणारं २५ तिथं अडवलेलं असू शकतं. मी एक दिवस ह्या दोन्ही खोट्या परीक्षांवर घालवलाय, आणि सर्व्हर बिचारा चालू होता.

क्रम असा ठेवा. आधी त्याच कॉम्प्युटरवर "टेलनेट लोकलहोस्ट २५", २२० आलं तर पोस्टफिक्स जिवंत. मग घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.५० च्या २५ ला, २२० आलं तर फायरवॉल ठीक. मग पोर्ट तपासणारी कुठलीही वेबसाइट, तिला पब्लिक आयपी आणि २५ द्या, उघडं म्हणाली तर राउटर आणि कंपनी दोन्ही ठीक. एवढं झाल्यावर जीमेलवरून मेल टाका आणि इकडं "सुडो जर्नलसीटीएल मायनस एफ" लावून बसा, जुन्या सिस्टिमवर व्हार लॉग मधली मेल डॉट लॉग.

पाणी कुठं मुरतंय ते लॉगच सांगतो. काहीच हललं नाही तर मेल दारापर्यंत आला नाही, परत डीएनएस आणि राउटर बघा, पोस्टफिक्सला हात लावू नका. "युझर अननोन" आलं तर त्या नावाचा युझर नाही. "रिले ॲक्सेस डिनाइड" किंवा "मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ" आलं तर मायडेस्टिनेशनमध्ये डोमेन टाकायचं राहिलंय. "स्टेटस इज सेंट" आणि पुढं "डिलिव्हर्ड टू मेलडिर" आलं की जिंकलात. माझ्याकडं पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या, बायको उठून बसली.

आणि उलटी तपासणी विसरू नका, बाहेरच्या एखाद्या मशीनवरून टेलनेट करून आरसीपीटी टू मध्ये ("मेल ह्या माणसासाठी" हे वाक्य) तुमच्या डोमेनचा नाही असा पत्ता द्या. ४५४ किंवा ५५४ येऊन "रिले ॲक्सेस डिनाइड" म्हणलं पाहिजे. २५० आलं तर लगेच राउटरचं फॉरवर्डिंग बंद करा आणि वरचा मायनेटवर्क्सचा भाग परत वाचा.

मेल वाचायचा

त्यासाठी डव्हकॉट, "सुडो ॲप्ट इन्स्टॉल डव्हकॉट आयमॅपडी". त्याला मेल मेलडिरमध्ये आहे एवढं सांगावं लागतं. २.३ पर्यंत मेल लोकेशन नावाची एक सेटिंग होती, २.४ मध्ये ती मोडून मेल ड्रायव्हर आणि मेल पाथ अशा दोन झाल्यात, त्यामुळं जुना लेख बघून चिकटवलं तर तो चालूच होत नाही, "डव्हकॉट मायनस मायनस व्हर्जन" बघून घ्या. मग थंडरबर्ड ह्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये आयमॅप, १९२.१६८.१.५०, पोर्ट ९९३, लिनक्सचाच युझर आणि पासवर्ड. ९९३ राउटरमधून बाहेर उघडू नका, बाहेरून वाचायचं असेल तर वायरगार्डनं घरात या, तेच बरं. सर्टिफिकेटची चेतावणी येईल. डेबियननं स्वतः बनवलेलं असतं ते, आणि मेल घेण्यापुरतं चालून जातं कारण पाठवणारे बहुतेक सर्व्हर सर्टिफिकेट कुणाचं ते बघत बसत नाहीत. नंतर सवडीनं लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं घ्या.

स्पॅम आणि लाइट

पोर्ट २५ उघडलं की एकदोन दिवसात लॉगमध्ये परके पत्ते दारं ढकलून बघताना दिसतात. ते सगळ्यांकडंच येतात, तुमच्या मागं खास कुणी लागलेलं नाही. स्पॅमहाउसची झेन यादी (कचरा पाठवणाऱ्या पत्त्यांची, डीएनएसनं विचारायची) लावली तर बराचसा कचरा दारातच थांबतो. फक्त एक मेख आहे. तुमचा कॉम्प्युटर डीएनएससाठी गूगलचा ८.८.८.८ असला सार्वजनिक पत्ता वापरत असेल तर स्पॅमहाउस उत्तराऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा, तुमची विचारणाच चुकीची आहे हे सांगणारा, कोड देतं, आणि पोस्टफिक्सला वाटतं हा माणूस यादीत आहे, मग चांगला मेलही परत जातो. म्हणून घरच्या घरी अनबाउंड नावाचा रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं स्वतः शोधणारा प्रोग्रॅम) बसवा आणि पोस्टफिक्सच्या ओळीत यादीच्या नावापुढं बरोबरचं चिन्ह देऊन १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं खरी माना असं लिहा.

लाइटबद्दल सगळे विचारतात. आमच्याकडं उन्हाळ्यात दुपारी गेली की कधी येईल सांगता येत नाही, मग मेल हरवतो का? नाही हरवत. दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडंच ठेवून थोड्या थोड्या वेळानं परत येतो, नियमाप्रमाणं चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, पोस्टफिक्स स्वतः ५ दिवस धरून बसतं. म्हणजे सहा तासांच्या लोडशेडिंगनं मेल उशिरा येतो, बुडत नाही. ओटीपी मात्र येऊन शिळा होतो, म्हणून बँकेला हा पत्ता देऊ नका. दुसरा बॅकअप एमएक्स सर्व्हर उभा करा असं कुणी सांगेल, घरच्या कामाला त्याची काही गरज नाही, उलट तिथनंच जास्त स्पॅम येतो.

फक्त लाइट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू झाला पाहिजे, त्यासाठी बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं अशी सेटिंग असते, ती पॉवर ऑन करा. यूपीएस घेणार असाल तर राउटर आणि भिंतीवरचा डबाही त्याच्यावर घ्या. नुसता कॉम्प्युटर चालू राहून काय करायचंय? आणि प्लगवर मोठ्या अक्षरात "काढू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. आमच्याकडं दोनदा मिक्सरसाठी काढून झालाय.

पाठवण्याचं

घरच्या आयपीवरून सरळ मेल पाठवू नका. बाहेर जाणारं २५ बहुतेक बंदच असतं, आणि उघडं असलं तरी घरगुती आयपी मोठे सर्व्हर विश्वासात घेत नाहीत, पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारा) लागतो आणि तो इंटरनेटवाल्याच्याच हातात असतो. त्यापेक्षा पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्ट लावून पोर्ट ५८७ नं एखाद्या पाठवणाऱ्या सेवेमार्फत जाऊ द्या, आणि ती सेवा सांगेल ते एसपीएफ आणि डीकेआयएमचे रेकॉर्ड (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणारे) डीएनएसमध्ये टाका. मी तर पहिले तीन महिने रिप्लाय जीमेलवरूनच देत होतो, कुणाची काही तक्रार आली नाही.